तिखट, हळद, केळी: ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा बाण कुठून निघतो

यावल तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती लिहिते: "सर, साठ नेम रिॲक्शन, म्हणजे नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रिया, कागदावर लिहून भिंतीला लावल्या आहेत. रोज वाचते, तरी पेपरात गोंधळ होतो. नॅचरल प्रॉडक्ट्सचं युनिट तर वेगळाच विषय वाटतो. कर्क्युमिन, कॅप्सायसिन यांच्या रचना पाठ करते आणि मिथॉक्सी गट (ओसीएच३) नेमका कुठे लावायचा तेच विसरते. दोन्ही एकत्र कसं शिकू? आणि आमची केळीची बाग आहे. केळी पिकवायला काही व्यापारी पावडर वापरतात, ती कशी काम करते?"

पोरी, भिंतीवरचा कागद राहू दे, पण त्याच्यासमोर उभं राहून वाचणं आठवडाभर बंद कर. त्याऐवजी आईच्या मसाल्याच्या डब्यातून तीन वाट्या काढ, हळद, तिखट आणि लवंग. जवळ आल्याचा एक तुकडा ठेव. मी तीस वर्षं खान्देशातल्या पोरांना ऑरगॅनिक शिकवलं, आणि त्यातली पहिली दहा वर्षं चुकीच्या टोकाकडून शिकवलं असं आता वाटतं. आधी अभिक्रिया, मग संयुगं, आणि वर्षाच्या शेवटी वेळ उरला तर वनस्पती. खरं तर ते दोन विषयच नाहीत. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे जे बाण तू वहीत काढतेस, तेच झाडही काढतं.

आता कागदावर एक बेंझिनचं कडं काढ. त्यावर एक ओएच. ओएचच्या शेजारच्या कार्बनवर ओसीएच३. ओएचच्या बरोबर समोर, पॅराला, एक शेपूट. शेपटाच्या जागी तीन कार्बनचा अलाइल गट आला की लवंगेतलं युजेनॉल. तिथे आल्डिहाइड आलं की व्हॅनिलिन. कीटोन आणि त्याच्यापुढे एका कार्बनवर ओएच असलेली लांब साखळी आली की आल्यातलं जिंजेरॉल. सीएच२, मग एनएच, मग कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) आणि पुढे फाटा फुटलेली साखळी आली की मिरचीतलं कॅप्सायसिन. आणि अशी दोन कडी सात कार्बनच्या साखळीच्या दोन टोकांना अडकवली की हळदीतलं कर्क्युमिन. कडं एकच आहे, शेपूट बदलतं. मिथॉक्सी कुठे, हा प्रश्न इथे संपला.

पण कडं एकच का? कारण कच्चा माल एकच, फेनिलॲलॅनिन हे अमिनो आम्ल. झाड त्यातून अमोनिया काढून टाकतं. ही साधी एलिमिनेशन, हाती लागतं सिनॅमिक आम्ल. मग पॅराला एक ओएच बसवतं, त्याच्या शेजारी दुसरा ओएच बसवतं, आणि या दुसऱ्या ओएचवर मिथिल चढवतं. हे मिथिल येतं कुठून? एस-ॲडेनोसिल मेथिओनाइनकडून. नाव ऐकून घाबरायचं नाही. त्यात धन प्रभार असलेला एक गंधक आहे आणि त्याला मिथिल चिकटलेलं आहे. गंधकाला तो प्रभार नकोच असतो, तो कधी एकदा इलेक्ट्रॉन घेऊन सुटतो असं झालेलं असतं. ऑक्सिजन मागून येतो, मिथिलच्या कार्बनवर बाण मारतो, गंधक सुटतो. एक मागून येतो त्याच क्षणी दुसरा सुटतो, हीच एसएन२! प्रयोगशाळेत आपण हेच काम मिथिल आयोडाइडने करतो, तिथे आयोडाइड सुटतो. संशोधकांनी मिथिलवर हायड्रोजन, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम असे तीन वेगळे अणू बसवून हेही तपासलं आहे, आणि मिथिलची रचना खरोखर उलटी होते. म्हणजे पहिल्या वर्षी छत्री उलटण्याचं जे चित्र काढलंस ते मिरचीच्या शेतातही चालू असतं.

म्हणून कोणतीही अभिक्रिया समोर आली की आधी नाव आठवू नकोस. इलेक्ट्रॉन कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी, आणि शेवटी कोण सुटणार, एवढं विचार. बाण नेहमी जास्तीकडून कमीकडे. पेपर तपासताना शेकड्याने बघितलंय, पोरं बाण उलटा काढतात, एच प्लसपासून सुरू करतात. एच प्लसकडे देण्यासारखं काही नाही रे बाबांनो, तो मागणारा आहे.

आल्डॉल, म्हणजे दोन कार्बोनिल रेणू जोडणारी अभिक्रिया, तुझ्या यादीत असणारच. ती शिकायला आल्यासारखं दुसरं काही नाही. जिंजेरॉलमध्ये कीटोन आणि त्याच्यापासून दुसऱ्या कार्बनवर ओएच, म्हणजे ते आल्डॉल पदार्थाचंच रूप. आलं वाळवलं की त्यातून पाण्याचा एक रेणू जातो आणि कार्बोनिलला लागून दुहेरी बंध तयार होतो. हे शोगाओल. सुंठ ओल्या आल्यापेक्षा जहाल लागते ती यामुळे, शोगाओलचा तिखटपणा जिंजेरॉलच्या दुपटीहून जास्त मानतात. उलट आलं भाजीत चांगलं शिजवलं की काही जिंजेरॉल मधून तुटतं, आल्डॉल ज्या रस्त्याने जोडली जाते त्याच रस्त्याने मागे जातं, आणि उरतं झिंजेरोन, जे बरंच सौम्य असतं. आल्डॉल, तिचं निर्जलीकरण आणि रेट्रो-आल्डॉल, पुस्तकात तीन वेगळ्या पानांवर असलेल्या गोष्टी एका कंदात मिळाल्या. सुंठीवाचून खोकला जातो म्हणतात. इथे सुंठीनेच गेला.

आता हळद. हिच्यावर मी जरा जास्तच बोलतो, वर्गातही घंटा झाल्यावर पोरं दाराकडे बघायला लागत.

कर्क्युमिनच्या साखळीच्या मध्यावर दोन कार्बोनिल आणि त्यांच्यामध्ये एक सीएच२ असं कागदावर लिहितात. प्रत्यक्षात बहुतेक रेणू एनॉल रूपात असतात. एका कार्बोनिलचा ओएच झालेला, त्याचा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनला टेकलेला, सहा अणूंचं कडं झाल्यासारखं. त्यामुळे या टोकाच्या बेंझिनपासून त्या टोकाच्या बेंझिनपर्यंत एकाआड एक दुहेरी बंधांची सलग वाट तयार होते. सलग वाट लांब झाली की रेणू निळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला पिवळा दिसतो. सदऱ्यावर भाजीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे तू हजारदा बघितलं असशील. साबण अल्कधर्मी, तो फिनॉलचा, म्हणजे बेंझिनवरच्या ओएचचा, एच काढून नेतो, ऋण प्रभार त्या सगळ्या वाटेवर पसरतो आणि शोषण आणखी लांब तरंगलांबीकडे सरकतं. लिंबू पिळलं की एच परत, पिवळा परत. डाग उन्हात टाकला की फिकटतो, कारण प्रकाशात रेणूच मोडतो. आजी म्हणायची, हळदीचा डाग उन्हाला दाखव. बरोबरच होतं तिचं.

आता कुंकू. जुन्या रीतीने घरी कुंकू करायचे तेव्हा हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावत. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, म्हणजे बोरॉन. नुसता चुना लावून आलेला लाल रंग लिंबू पिळताच पळतो. बोरॉनचा लाल आम्लातही टिकतो, कारण इथे एच गेला-आला एवढाच मामला नाही. बोरॉनकडे इलेक्ट्रॉन कमी आहेत, तो एनॉलच्या दोन्ही ऑक्सिजनना चिमट्यात धरतो. कॉलेजात बघायचं तर हळदीच्या कागदावर बोरिक आम्लाचं द्रावण आणि विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाक, वाळू दे, तांबूस होईल. मग अमोनिया लाव, हिरवट काळा पडेल. ही बोरॉनची जुनी आणि खात्रीची ओळख-चाचणी आहे.

हा चिमटा लक्षात ठेव, कारण पुढची गंमत त्याच्यावर आहे. कर्क्युमिन प्रयोगशाळेत करायचं ठरवलं तर कच्चा माल काय घेशील? सात कार्बनची साखळी आहे. दोन टोकांचे दोन कार्बन व्हॅनिलिनच्या आल्डिहाइडचे, मधले पाच ॲसिटिलॲसिटोनचे. म्हणजे दोन व्हॅनिलिन, एक ॲसिटिलॲसिटोन, दोनदा आल्डॉल कंडेन्सेशन. कागदावर सोपं. पण अल्कली घातली की हायड्रोजन कुठला निघेल? दोन कार्बोनिलच्या मधल्या सीएच२ चा, त्याचा पीकेए (हा आकडा जितका लहान तितका एच सहज निघतो) 9 च्या आसपास आहे. टोकाच्या सीएच३ चा हायड्रोजन त्याच्यापुढे कितीतरी कमी आम्लधर्मी. मग व्हॅनिलिन मध्येच जाऊन चिकटणार, नोव्हेनागेल ही वेगळीच अभिक्रिया होणार, आणि हातात कर्क्युमिन येणारच नाही. 1964 मध्ये पाबॉन या रसायनशास्त्रज्ञांनी यावर जी युक्ती केली ती माझ्या मते शिकवण्याजोग्या सुंदर युक्त्यांपैकी एक आहे. त्यांनी ॲसिटिलॲसिटोन आधी बोरिक ॲनहायड्राइडबरोबर घेतलं. बोरॉनने दोन्ही ऑक्सिजन चिमट्यात धरले, मधला कार्बन त्या कड्यात अडकला आणि त्याची धार गेली. आता व्हॅनिलिनला टोकांशिवाय जागा नाही. ब्युटिल अमाइन हलका बेस म्हणून, आणि तयार होणारं पाणी ओढून घ्यायला ट्रायब्युटिल बोरेट. शेवटी विरळ आम्लाने बोरॉन काढून टाकायचा.

कुंकू करणाऱ्या बायकांच्या परातीत आणि पाबॉनच्या फ्लास्कमध्ये बोरॉन त्याच दोन ऑक्सिजनना धरून बसतो. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये एकटाच हसत होतो.

मिरचीकडे येऊ. नंदुरबारला हंगामात गेलीस तर पथारींवर लाल मिरची वाळत घातलेली दिसेल, गावात शिरायच्या आधी नाकाला कळतं. वाळवली, कांडली, तेलात तळली, रश्श्यात तासभर उकळली, तरी तिखटपणा जात नाही. का? कॅप्सायसिनमधली जोडणी अमाइडची आहे, म्हणजे कार्बोनिलला नायट्रोजन लागलेला. आम्लाच्या पदार्थांचा क्रम तू पाठ केला असशील: ॲसिड क्लोराइड सगळ्यात उतावळं, मग ॲनहायड्राइड, मग एस्टर, शेवटी अमाइड. पाठ करू नकोस, नायट्रोजनकडे बघ. त्याची इलेक्ट्रॉनची जोडी तो कार्बोनिलला उसनी देतो, म्हणून तो कार्बन भुकेला राहत नाही. भूक नाही तर पाणी त्याच्यावर काय हल्ला करणार? वर, सुटायचं झालं तर नायट्रोजन हा अगदी नाखूश लीव्हिंग ग्रुप. क्लोराइड मात्र दार उघडण्याची वाट बघत असतो.

कॅप्सायसिनची लांब शेपटी तेलकट असते, म्हणून ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मिरच्या चिरून हात पोळले की पोरं नळाखाली हात धरतात, काही होत नाही. आधी तेल चोळायचं, मग साबण. शेवभाजीवरची तर्री म्हणजे सेपरेटिंग फनेलमधला वरचा थर समज: कॅप्सायसिन तेलात गेलं आणि लाल रंगही. हा लाल रंग कॅप्सॅन्थिनचा, त्याचा तिखटपणाशी काही संबंध नाही. लालभडक मिरची मवाळ असू शकते. तिखट बियांतही नसतं, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात ते तयार होतं आणि बियांना नुसतं लागतं. या रेणूने जीभ का पोळते, तर उष्णता ओळखणाऱ्याच एका ग्राहीला (रिसेप्टरला) तो जाऊन बसतो. ती ग्राही 1997 मध्ये सापडली आणि त्यासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं.

कॅप्सॅन्थिन चाळीस कार्बनचं आहे, म्हणजे पाच-पाच कार्बनच्या आठ आयसोप्रीन विटा. टर्पिनॉइडचं, म्हणजे या विटांपासून बनणाऱ्या संयुगांचं, युनिट असं विटा मोजत वाच. दहा कार्बन म्हणजे लिंबाच्या सालीतलं लिमोनीन, पंधरा म्हणजे सेस्क्वीटर्पीन, आणि जोडणी होताना पायरोफॉस्फेट सुटून धन प्रभाराचं अलाइल कॅटायन तयार होतं. म्हणजे मघाशी एसएन२ भेटली, ही एसएन१ च्या घराण्यातली, आधी गट सुटतो, मग दुसरा जोडला जातो.

तुझ्या बागेत येण्याआधी एक माझी फजिती, कारण ती तुमच्या उन्हाळ्याशी जोडलेली आहे. नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष, मे महिना, ग्रिग्नार्ड अभिक्रिया दाखवायची होती. पुस्तकात लिहिलेलं असतं की मॅग्नेशियम आणि ब्रोमोबेंझिन कोरड्या ईथरमध्ये घ्या, ईथर आपोआप उकळायला लागला की अभिक्रिया सुरू झाली समजा. मी फ्लास्क मांडला, दोन मिनिटांत ईथर उकळू लागला. पोरांना म्हटलं, बघा, सुरू झाली! तासाभराने मॅग्नेशियमचे तुकडे होते तसे चकचकीत. ईथर उकळतो 34.6 अंशांना. बाहेर 44 होतं, पंखा गरम हवा फिरवत होता, नळाचं पाणी कोमट, कंडेन्सर नावापुरता. उकळवत होता तो जळगाव जिल्ह्याचा मे महिना, मॅग्नेशियम नव्हे. पुस्तकातलं 'रूम टेंपरेचर' 25 अंश असतं हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून उकळी बघत नाही, द्रावण गढूळ होतं का आणि मॅग्नेशियमची चकाकी जाते का ते बघतो. तुमच्या कॉलेजात उन्हाळ्यात ईथरची बाटली उघडायची झाली तर आधी बर्फात ठेवायला सांग, आणि जवळपास बर्नर असता कामा नये.

केळी. पिकलेल्या केळ्याच्या वासात जो मुख्य सूर आहे तो आयसोअमाइल ॲसिटेटचा, एक एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून झालेलं संयुग. प्रॅक्टिकलला आयसोअमाइल अल्कोहोल, ॲसिटिक आम्ल आणि सल्फ्युरिक आम्लाचे थेंब घालून तापवतात, तेच. आम्ल जास्त का घेतात? अभिक्रिया मागे-पुढे दोन्हीकडे जाते, एक घटक भरपूर घातला की तोल पुढे झुकतो. सल्फ्युरिक कशाला? आम्लाचा ओएच स्वतःहून सुटत नाही, त्याला एच चिकटवून पाणी केलं की सुटतो. झाडाकडे सल्फ्युरिक नाही, म्हणून ते वेगळी सोय करतं: ॲसिटिल गट आधीच गंधकाला बांधून ठेवतं, ॲसिटिल कोएन्झाइम ए. हा थायोएस्टर, म्हणजे ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेला एस्टर. गंधक पटकन सुटतो, काम झालं. आणि अल्कोहोल येतं ल्यूसिन या अमिनो आम्लापासून: अमिनो गट गेला, कार्बन डायऑक्साइड गेला, उरलेलं आल्डिहाइड क्षपण होऊन अल्कोहोल झालं. आयसोअमाइलमधला फाटा हा ल्यूसिनचाच फाटा. तसा कॅप्सायसिनच्या शेपटीचा फाटा व्हॅलिनचा. जाता जाता, मधमाशी डंख मारताना याच एस्टरने बाकीच्या माशांना धोक्याची खूण करते. मधपेट्या हाताळताना केळं खाऊन जाऊ नये असं म्हणतात ते उगाच नाही.

बागेत दोन मिनिटांत होणारा एक प्रयोग कर. कच्चं केळं कापून त्यावर आयोडीनचा थेंब टाक, निळं-काळं होईल, तो स्टार्च. पूर्ण पिकलेलं काप, फारसं काही होणार नाही, स्टार्चची साखर झाली. अर्धवट पिकलेलं घेतलंस तर रंग कुठे आहे आणि कुठे गेला यावरून पिकणं आतल्या कोणत्या भागात पुढे गेलंय ते दिसतं.

हे सगळं सुरू करतो तो इथिलीन, दोन कार्बनचा वायू. झाड तो स्वतः मेथिओनाइनपासून करतं, मघाशी मिथिल देणाऱ्या त्याच एस-ॲडेनोसिल मेथिओनाइनच्या वाटेने. म्हणून एक पिकलेलं केळं फणीत राहिलं की बाकीचीही पिकवतं. रायपनिंग चेंबरमध्ये बाहेरून इथिलीन वायू सोडतात, त्याला अन्नसुरक्षेच्या नियमांनी 100 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर) मुभा आहे.

पावडर म्हणशील तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकात घालतात. एक कॅल्शियम कार्बाइड, राखाडी खडे किंवा पुडी. ओल लागली की ॲसिटिलीन निघतो. तो इथिलीनसारखं काम करतो, पण त्याच परिणामाला कितीतरी जास्त लागतो. खरी भानगड वेगळी आहे: बाजारातल्या कार्बाइडमध्ये फॉस्फरस आणि आर्सेनिकचे अंश असतात, त्यातून फॉस्फिन, आर्सिन निघतात. लसणासारखा जो वास येतो तो ॲसिटिलीनचा नाही, या अशुद्धीचा. शिवाय ॲसिटिलीन पेट घेतो. फळं पिकवायला कार्बाइडला बंदी आहे. वडिलांना सांग, घड बागेतून हिरवा गेला तरी पुढे तो कसा पिकवला जातो याचं नाव शेवटी आपल्या केळीवर येतं.

दुसरी इथेफॉन. ही 2-क्लोरोइथिल फॉस्फॉनिक आम्ल. बाटलीत चांगली आम्लधर्मी ठेवलेली असते तोवर गप्प बसते. द्रावणाची आम्लता कमी झाली, पीएच साधारण 5 च्या पुढे गेला, की ती मोडते आणि तीन गोष्टी बाहेर पडतात: इथिलीन, क्लोराइड आणि फॉस्फेट. भिंतीवरच्या साठ नावांत ही अभिक्रिया नसणार, तरी तुला ती काढता आली पाहिजे. रेणू असा लिही: क्लोरीन, सीएच२, सीएच२, फॉस्फरस, आणि फॉस्फरसवर ऋण प्रभार असलेले ऑक्सिजन. पाण्याचा ऑक्सिजन फॉस्फरसकडे येतो. आता कार्बन-फॉस्फरस बंधातले दोन इलेक्ट्रॉन कुठे जातील आणि कोण सुटेल? बाण काढून फोटो पाठव.